गालात धरलेलं पाणी

शिट्टी वाजायच्या आधी गोलीचे पप्पा बाटलीतून पाण्याचा मोठा घोट घ्यायचे आणि गिळायचे नाहीत. दोन्ही गाल फुगवून मैदानाच्या दोरीपाशी उभे राहायचे. मध्यंतर झालं की गिळायचे आणि मला म्हणायचे, "आपण गप्प, ताई. एकदम गप्प."

तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही हसला असता. मी पदर तोंडाला लावून हसायचे.

बोरीवलीतल्या एका शाळेत मी मावशी आहे. वर्ग झाडते, घंटा देते. मुलींचा हॉकीचा संघ बाहेरगावी निघाला की सोबत एक बाई लागते, म्हणून मला पाठवतात. पप्पा मात्र आपणहून यायचे. मुलगी गोलकीपर, म्हणून सगळे त्यांना गोलीचे पप्पा म्हणत. मालाडला त्यांची कांदेबटाट्याची गाडी. आवाज असा, की गल्लीच्या त्या टोकाच्या बायका पिशव्या घेऊन खाली उतरायच्या.

बसमध्ये मुलीचं हेल्मेट मांडीवर घेऊन बसायचे. खड्डा आला की त्यावर हात ठेवायचे. कोणी विचारलं, "तुमची कुठली?" तर हेल्मेटवर टिचकी मारायचे. "ह्याच्या आतली."

पाण्याचं कारण असं. आधीच्या एका सामन्यात ते ओरडले होते, "डावीकडे बघ गं." मुलीने त्यांच्याकडेच बघितलं आणि चेंडू आत गेला. हॉकीचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "परत पालकांचा आवाज आला, तर पोरगी बाहेर बसेल." परतीच्या वाटेवर मुलगी त्यांच्याशी बोललीच नाही. बोरीवली आल्यावर एवढंच म्हणाली, "पप्पा, तुम्ही ओरडलात की मला चेंडू दिसत नाही."

तेव्हापासून पाणी सुरू झालं.

पुण्याच्या सामन्याला दोन माणसं वही घेऊन बसली होती. खेळाडूंच्या वसतिगृहासाठी मुली निवडायला आलेली. शाळा, राहणं, खेळ, सगळं तिथेच मिळणार. पप्पांनी त्या दिवशी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता.

शेवटची दोन मिनिटं राहिली. दोन्हीकडे एकेक गोल. समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला, म्हणजे गोलासमोरून जोरात मारायची मोकळीक. मुली आपापल्या जागी उभ्या राहिल्या, आणि पप्पांनी माझी बाही धरली. डोळे मोठे झालेले. हनुवटीखाली बोट लावून "उं, उं" करत होते. मला वाटलं, ठसका लागला. मग त्यांनी बोट गोलाकडे केलं. मुलीच्या हेल्मेटचा पट्टा सुटून लोंबत होता.

सर मैदानाच्या पलीकडे. पप्पांनी तोंड उघडलं, तर पोरगी बाहेर आणि वसतिगृहही गेलं. नाही उघडलं, तर हेल्मेट उडणार. त्यांचा घसा हलला. ते पाणी गिळायच्या बेतात आहेत, हे मला दिसलं.

माझा आवाज घरात दुसऱ्या खोलीतही जात नाही. पण मी ओरडले, "अगं, पट्टा. पट्टा लाव आधी."

मुलीने हात वर केला. पंचांनी खेळ थांबवला. पट्टा लागला. नंतरचा चेंडू आला तो सरळ हेल्मेटच्या जाळीवर. ती मागे पडली. आम्ही दोघं दोरी धरून उभे. ती उठली. हेल्मेट जागच्या जागी होतं.

सामना बरोबरीत सुटला तसे सर तरातरा आले. "कोण ओरडलं मघाशी?"

पप्पांचे गाल फुगलेलेच.

"मी, सर."

"मावशी, तुम्ही?" सर तसेच मागे फिरले. मी काही पालक नव्हते.

ते गेल्यावर पप्पांनी घोट गिळला. "आपण गप्प होतो ना, ताई?" म्हणाले आणि बाटली माझ्या हातात दिली.

मुलीची निवड झाली. आता संघ निघतो, मी जाते. ते येत नाहीत. ड्रायव्हरच्या मागच्या त्यांच्या सीटवर मुली पिशव्या ठेवतात.

ती गेली ती सकाळ मला आठवते. वसतिगृहाची गाडी आमच्या शाळेच्या फाटकाशीच आली होती. खिडकीतून ती म्हणाली, "पप्पा, बोला ना कायतरी. आता सर नाहीयेत." त्यांचे गाल फुगलेले होते. त्यांनी नुसता हात हलवला.

गाडी वळली. मी घंटा द्यायला आत गेले. प्रार्थना झाली, वर्ग भरले. फाटक लावायला बाहेर आले, तर ते तिथेच उभे होते. पाणी अजून गिळलं नव्हतं.