भट्टीसमोरचा हसरा चेहरा

शिरोलीच्या फौंड्रीत आमच्या संशोधनगटाने कॅमेरा बसवला. दमलेला कामगार यंत्राने चेहऱ्यावरून ओळखावा आणि अपघात टळावा, हा हेतू. त्यातील नीतीचा विचार माझ्याकडे होता, कारण मी तत्त्वज्ञान शिकवतो.

वितळलेले लोखंड ओतणाऱ्या एका कामगाराने विचारले, “पावणं, मी दमलो तर ह्यो कुणाला सांगणार?”

खोटे बोलवले नाही. “मालकांना,” मी हळूच म्हणालो.

“मग दमायचं न्हाय म्हणा की!” तो मोठ्याने हसला.

दिवसभर त्याने घामही पुसला नाही. संध्याकाळी भरलेले भांडे उचलताना त्याचे मनगट थरथरले. चेहरा हसराच होता. कॅमेऱ्याला जोडलेल्या पडद्यावर शेरा उमटला: ताजातवाना.

“थांबा!” मी ओरडलो. पडद्यापाशी उभे असलेले मालक वळले.

चुगलखोराकडे पाहावे तसे त्या कामगाराने माझ्याकडे पाहिले. मला तसे समजण्यात तो चुकला, असे मला अजूनही म्हणवत नाही.