दिवसाची कडी

पुण्याच्या अदितीला वऱ्हाडातल्या दर्यापूरचा राग होता, आणि तो ती लपवतही नव्हती. खारं पाणी, धूळ, लाइटीचं येणं-जाणं, सगळ्याचाच राग. पण त्या सगळ्याच्या वर समोरच्या घरातली माणिकबाई. मळ्यातली भाजी बाजारात विकणारी ही एकटी बाई. विचारणं नाही, हाक नाही, सरळ अदितीच्या स्वयंपाकघरात शिरायची आणि भांड्यांवरची झाकणं उचलून पाहायची.

"माय वं! आमटीत गूळ? असं गोड गोड खाऊन केयूरभाऊ वकिली कसा करन?"

"आमच्याकडे असंच करतात," अदिती दातओठ खात म्हणायची.

"तुमच्याकडे करत असतीन. इथं काहून?"

आता बोला! लग्न वकिलाशी केलं होतं की अख्ख्या गल्लीशी? केयूर इथला, त्याची वकिली इथली. पण त्याने शब्द दिला होता, तुला नाहीच करमलं तर पुण्याला जाऊ. त्या शब्दावर अदिती दिवस काढत होती.

दिवाळीनंतर कडीचं प्रकरण झालं. अदिती पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायची. त्या दिवशी मोठी मीटिंग होती. मध्येच कुणी झाकणं उचलायला यायला नको, म्हणून तिने भर दुपारी दाराला आतून कडी घातली आणि कानांवर हेडफोन चढवले. या गल्लीत दिवसा दार नुसतं लोटतात, कडी कुणी लावत नाही. हे तिला कोण सांगणार? माणिकबाईने दार ढकललं, हाका मारल्या, थापा मारल्या. उत्तर नाही. झालं! बाईने असा काही गलका केला की शेजारचा सहदेव लोखंडी सब्बल घेऊन धावला, कडी उखडली आणि गल्लीतली सगळी माणसं धाडकन आत. माणिकबाई सगळ्यांत पुढे, रडत, अदितीचे गाल चाचपत. स्क्रीनवर पुण्याचे साहेब आ वासून बघत होते.

अदितीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्हाला अक्कल आहे का? निघा! निघा माझ्या घरातून!"

"जित्ती हाये," माणिकबाईने बाकीच्यांना सांगितलं आणि ती निघाली.

संध्याकाळी केयूर म्हणाला, माणिकबाईचा नवरा असाच एकदा दुपारी कडी लावून झोपला होता. निजला असेल, म्हणून कुणी दार वाजवलं नाही. तो उठलाच नाही.

"त्यात माझा काय दोष?" अदिती म्हणाली. वाईट तिला वाटलं, नाही असं नाही. पण राग मोठा होता. सुतार आज येतो, उद्या येतो म्हणत राहिला आणि कडी तशीच लोंबत राहिली. माणिकबाई मात्र चार दिवसांत पुन्हा झाकणं उचलायला हजर. बेशरम बाई, दुसरं काय!

थंडी सरता सरता पुण्याहून अदितीच्या भावाचा फोन आला. केयूरसाठी तिथल्या एका वकिलांकडे जागा होती, पण आजच्या आज कळवायचं होतं. "तू म्हणशील तसं," केयूर म्हणाला. कोर्टात जाता जाता त्याने ही बातमी सहदेवला सांगितली, म्हणजे गल्लीलाच सांगितली.

त्या दिवशी माणिकबाई आली नाही. सुटले बाई! अदितीने मुद्दाम आमटीत गुळाचा मोठा खडा टाकला. जेवायची वेळ टळून गेली तरी कुणी नाक मुरडायला आलं नाही, आणि तिला घास काही गिळवेना. ती उगीच दारात आली. समोर माणिकबाईचं दार लागलेलं. तिने जाऊन ढकललं, तर आतून कडी.

"माणिकबाई!" थाप. "अहो माणिकबाई!" दोन्ही मुठींनी. आतून हूं नाही की चूं नाही.

"ओ माणिकबाई! उघडा नं! काहून कडी लावली?" पुण्याची अदिती गल्ली दणाणून सोडत होती. "सहदेवभाऊ, सब्बल आणा! पाहून काय राहिले?"

तेवढ्यात आतूनच कडी निघाली. माणिकबाई दारात उभी, धडधाकट. डोळे तेवढे लाल.

"काय झालं बोंबलायले? मेली नाई मी."

"मग कडी काहून लावली? जीव गेला ना माझा इथं!" अदिती एकीकडे रडत होती, एकीकडे भांडत होती. "लाज नाही वाटत?"

"रडून राहिली होती मी. कोनी पाहू नये म्हून लावली."

"रडायला काय झालं तुम्हाला?"

"तू चालली नं पुण्याले."

अदितीचा राग पुन्हा धावून आला. "कुणी सांगितलं? मी कुठंच जाऊन नाही राहिली! आणि पुन्हा दिवसा कडी लावली ना, तर उखडून फेकीन!"

"मोठी आली उखडणारी," म्हणत माणिकबाईने पदराने नाक पुसलं, गल्ली ओलांडली, अदितीच्या स्वयंपाकघरात शिरली आणि झाकण उचललं. "अरे बाप्पा! हे आमटी हाये का पाक?"

"खायची तर खा, नाहीतर निघा." अदितीने आदळआपट करत ताट वाढलं आणि भावाला फोन लावला. "दादा, नाही जमणार रे," ती म्हणाली. मागून माणिकबाई ओरडत होती, तिखट कुठं ठेवलं म्हणून.