विकायला काढलेल्या घराचं न्हाणीघर

घर बघायला येणारी माणसं हॉल आणि स्वयंपाकघर बघतात असा माझा समज होता. नल्लकुंट्यातला आमचा फ्लॅट विकायला काढला तेव्हा कळलं, की लोक हॉलमध्ये नुसता चहा पितात आणि भाव न्हाणीघरात ठरवतात. नळ सोडून पाण्याचा जोर बघतात, भिंतीला तळहात लावून ओल चाचपतात. एक गृहस्थ तर फोनमधलं होकायंत्र उघडून संडासाच्या दारात पाच मिनिटं उभे होते. संडास ईशान्येला नाही अशी खात्री पटल्यावरच त्यांनी चहाला हात लावला.

आम्ही विकत होतो ते सासूबाईंसाठी. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि त्यांचे गुडघे कामातून गेलेले. दोन वर्षांत त्या फक्त दवाखान्यासाठी खाली उतरल्या, त्याही खुर्चीत बसून, दोघांनी उचलून. विद्यानगरला लिफ्टचा एक फ्लॅट आम्ही बघून ठेवला होता, पण हा गेल्याशिवाय तो घेता येणार नव्हता. "मला बाकी काही नको," त्या म्हणायच्या, "एकदा खाली जाऊन माझ्या हातानं वांगी निवडून घ्यायचीत. तू आणतेस ती सगळी किडकी."

दलाल पहिल्याच दिवशी न्हाणीघरात शिरला आणि कपाळाला हात लावून बाहेर आला. तिथे सासऱ्यांनी बांधून घेतलेला शहाबादी फरशीचा बुटका कट्टा होता आणि शेजारी भिंतीत धरायला लोखंडी दांडा. सासूबाई सकाळी सहाला त्या कट्ट्यावर बसून, दांडा धरून, कुणाच्या मदतीशिवाय आंघोळ करत आणि मग देवपूजेला बसत. आम्ही दोघं आमच्या खोलीतलं छोटं बाथरूम वापरायचो, त्यामुळे हे न्हाणीघर एकट्या त्यांचंच.

"मॅडम, ये चबूतरा निकाल दो," दलाल म्हणाला. "देखते ही पार्टी को लगता, घर में कोई बीमार है. काच लगाओ, शॉवर लगाओ, फिर देखो भाव. और सूखा रखना. गीला दिखा तो लोगां सीपेज समझते, आधे में भाग जाते."

सासूबाई दारातल्या खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत होत्या. नवऱ्यानं मला विचारलं, "आईला चालेल का पण?" मी सासूबाईंना विचारलं. "तुम्हाला बरं वाटेल ते करा," त्या म्हणाल्या. हे वाक्य सासूबाई कधी म्हणतात हे तीस वर्षांत मला कळायला हवं होतं. पण मला घाई होती, आणि घाईत असले की मला होकारच ऐकू येतो.

आठवड्याभरात कट्टा फुटला, दांडा निघाला. गुळगुळीत करड्या टाइल्स, काचेचं पार्टिशन, छताला ताटाएवढा शॉवर. मी त्यांच्यासाठी प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलं. शेजारणींना बोलावून न्हाणीघर दाखवलं, इतकी मी हुरळले होते.

सासूबाई म्हणाल्या, "आता मला सहाला जमत नाही गं. तुम्ही गेल्यावर करीन निवांत." मी बँकेत, नवरा ऑफिसात, आम्ही साडेनऊला बाहेर. रविवारी आम्ही बाजारात जायचो, तेव्हा होत असेल त्यांची आंघोळ, असं मी धरून चालले. त्याच आठवड्यात त्यांनी देवपूजाही माझ्याकडे सोपवली. गुडघे दुखतात म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तीस वर्षांत ज्या बाईनं मला देवाची समई घासू दिली नव्हती, तिनं आख्खा देव्हारा हवाली केला होता. मी बहिणीला फोन करून सांगितलं, सत्ता हातात आली म्हणून.

पाचेक आठवड्यांनी एका रविवारी, सकाळी अकरा-साडेअकराला, एक तेलुगू जोडपं आलं. बाईंनी पार्टिशनची काच सरकवली, वाकून जाळीपाशी बघितलं, कोपऱ्यातल्या टाइल्सवरून बोट फिरवलं. "चाला नीटगा उंदी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. फार नीटनेटकं आहे म्हणून. मग माझ्याकडे वळून हसत विचारलं, "यूज ही नहीं करते क्या आप लोग?"

मी हसत आत डोकावले. स्टूलच्या पायांना कंपनीचे कागदी स्टिकर तसेच होते. साबणाच्या वडीवरची अक्षरं उठून दिसत होती.

त्या जोडप्यानं जातानाच होकार दिला. दलालानं जिन्यातूनच मला अंगठा दाखवला. मी दार लावलं आणि सरळ सासूबाईंच्या खोलीत गेले. पलंगाखाली एक छोटं पातेलं होतं आणि त्यात पिळून ठेवलेला पंचा.

"आई, तुम्ही आंघोळ करत नाही?"

"पुसून घ्यायलेय की रोज." त्या खिडकीकडे बघत राहिल्या. "त्या फरशीवर पाय ठरत नाही. आणि ओलं दिसलं तर गिऱ्हाईक पळतं म्हणला ना तो. कोण कधी येईल काय नेम."

"मला सांगायचं नाही? मी घातली असती."

"तू? मला?" त्या एकदम ताठ झाल्या. मग आवाज खाली आला. "पारोश्या हातानं देवाला कसं शिवू, म्हणून तुला दिली पूजा. तुला काय वाटलं?"

बहिणीला केलेला तो फोन मला आठवला. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मी तिथेच त्यांच्या पायाशी बसले आणि रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही. "उठ, पाणी तापव," एवढंच म्हणाल्या.

फरशीवर मी जुनी सतरंजी पसरली, तिच्यावर स्टूल ठेवलं, आणि दंडाला धरून त्यांना बसवलं. त्यांनी माझ्याकडे पाठ केली. पाठ इतकी लहान झाली होती, हे मला माहीत नव्हतं. पहिला तांब्या मी खांद्यावरून अगदी जपून सोडला. त्यांनी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं होतं.

"त्यांनी घेतलं ना नक्की?" त्यांनी पाठमोरंच विचारलं.

"घेतलं."

"मग आता ओलं झालं तर चालेल?"

"चालेल, आई."

"मग अशी थेंब थेंब काय सोडतेस? डोक्यावरून घाल."