उजव्या डोळ्याचे पाच कागद

वहीत मी सात लिहिलं. त्याला दिसले होते पाच. एवढंच सांगायचं आहे, पण ते सांगायला मला पंधरा वर्षं लागली.

महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. चीनच्या लढाईनंतर ठिकठिकाणी रायफल शिकवायचे वर्ग निघाले, तसा आमच्या बुलढाण्यातही निघाला. फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार शिकवत. माझा नेम बेताचा, म्हणून मला दुर्बिणीवर बसवलं. तिपाईवरची एका डोळ्याची दुर्बीण. गोळी कागदाला कुठे लागली ते तिच्यातून बघायचं आणि घड्याळाच्या भाषेत ओरडायचं: "चार वाजता, थोडी बाहेर!" नेमबाज त्यावरून पुढची गोळी सुधारायचा. माझा नेमबाज म्हणजे देऊळघाटचा माझा दोस्त. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, मिरची-वांग्याचा मळा करणारा, आणि जिल्ह्यात त्याच्या तोडीचा दुसरा नाही.

पुण्याच्या एका दुकानदाराने दुर्बिणीच्या दोन झूम नेत्रिका पाहायला पाठवल्या. नेत्रिका म्हणजे डोळ्याकडची भिंगं. कडं फिरवलं की चित्र लहानमोठं होतं. एक ठेवायची, एक परत करायची. सुभेदार म्हणाले, प्रत्येकाला दाखवा आणि लिहून आणा.

पारखायची रीत मीच ठरवली. पन्नास यार्डांवर फळीला ओळीने सात कागद लावले. कडं सगळ्यात लहानावर ठेवायचं, नजर मधल्या कागदावरून हलवायची नाही, आणि एका वेळी किती कागद दिसतात ते सांगायचं. पहिल्या नेत्रिकेत सगळ्यांना पाच दिसले, नळीतून पाहावं तसे. कडं फिरवलं की तिचं चित्र धूसर व्हायचं, पुन्हा जुळवावं लागायचं. दुसरीत सातही दिसले, आणि कडं लोण्यासारखं फिरायचं. मोठं केलं की दोन्हीत अंधारून यायचं, पण दुसरीत कमी.

शेवटी तो बसला.

"पाच," तो म्हणाला. मी नेत्रिका बदलली. "पाच."

"नीट पाह्य की."

"नीटच पाहून राह्यलो बे. दोन्ही सारख्याच हायेत. पुन्याचा बनिया तुमाले येडे बनवते!"

सगळे हसले. मीही हसलो. ते पाणी प्यायला विहिरीकडे गेले तेव्हा मी त्याला म्हटलं, "आता डाव्या डोळ्यानं पाह्य."

"काऊन?"

"पाह्य तर."

त्याने डावा डोळा लावला. "सात," म्हणाला. मग उजवा चोळत हसला, "याची झोप नाही झाली वाटते. राती मोटेवर होतो ना."

डोळा चोळून त्याने उजव्याने पुन्हा पाहिलं. पाचच.

मी डॉक्टर नव्हतो हे खरं. पण पाच आणि सात मला मोजता येत होते, आणि तो नेम उजव्या डोळ्याने धरतो हेही माहीत होतं. पुढच्याच महिन्यात नागपूरला सामने होते. जोडीने जायचं, नेमबाज आणि त्याचा दुर्बीणवाला. सुभेदारांच्या हाती पाच गेले असते तर त्यांनी त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवलं असतं आणि संघातून काढलं असतं. मग मलाही कोण नेणार होतं? मी अकोल्यापलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. त्याच्या नावापुढे मी पाच आणि सात लिहिलं, चारचौघांसारखं. कोणी विचारलं तेव्हा म्हणालो, घाईत बोलला होता, मग नीट पाहिलं.

नागपूरला तो दुसरा आला. मधलं त्याला लख्ख दिसायचं, कमी होत होतं ते कडेचं. माझा फोटो निघाला त्याच्या शेजारी. तो मी कधी भिंतीवर लावला नाही.

दोन वर्षांनी बाजारात उजवीकडून आलेली बैलगाडी त्याला दिसली नाही. खांदा मोडला. अकोल्याच्या डॉक्टरांनी डोळा पाहून काचबिंदू सांगितला. म्हणाले, दोन वर्षं आधी येता तर थेंबांवर थांबला असता. उजवा गेला. डावा औषधावर आहे, तोही आता पुरता नाही. मळा बायको बघते.

डॉक्टरांचं ते वाक्य त्याने मला स्वतः सांगितलं, आणि विचारलं, "तवा तुले काही समजलं होतं का बे?"

"नाही," मी म्हणालो.

गेल्या महिन्यात देऊळघाटला जाऊन त्याला सगळं सांगितलं. वहीचं, डाव्या डोळ्याचं, नागपूरचं. तो ओट्यावर बसून लसूण सोलत होता. हात थांबले नाहीत.

"मले सांगतलं असतं तरी मी ऐकलं नसतं," तो म्हणाला. "मलेही जायचंच होतं." मग म्हणाला, "पन सांगाले पायजे होतं."

काचबिंदू घराण्यात उतरतो, असं डॉक्टर त्याला म्हणाले आहेत. त्याची पोरगी सतराची आहे, शिवणकाम शिकते. मी म्हणालो, मी तिला अकोल्याला नेतो, उद्याच नेतो, सगळं तपासून आणतो.

"नको," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तिची माय जाईन संग. डॉक्टर काय म्हनते, ते तिले तिच्याच कानानं ऐकू दे."

आतून त्याच्या बायकोने मला चहा आणून दिला. मी तो घेतला, आणि पाचच्या बसने परत आलो.