महिपतकाकांचा राजीनामा

महिपतकाका ग्वाल्हेर संस्थानच्या मेहमानखान्यात कारकून होते. पाहुण्याला कोणती खोली, कोणती मोटर, सगळं तेच ठरवायचे. तीस वर्षं लोकांना ग्वाल्हेर दाखवलं, स्वतः मात्र झाशीपलीकडे गेले नाहीत. अठ्ठेचाळीस साली संस्थान मध्यभारतात विरलं; पाटी बदलली, टेबल तेच राहिलं. छप्पन्न साली मध्यभारतही मोडीत काढायचं ठरलं आणि हुकूम आला: दफ्तर भोपाळला जाणार, येणार की नाही ते कळवा.

काका थकले होते. दोन सरकारांना सलाम करून झाले होते. तिसऱ्यासाठी कंबर वाकेना.

त्याच उन्हाळ्यात त्यांनी वाचलं, की अमेरिकेचे एक माजी अध्यक्ष बायकोसह युरोपभर हिंडताहेत. बातमी त्यांनी शालिनीकाकूंना तीनदा ऐकवली.

"खुर्ची गेली तरी कसा मजेत फिरतोय बघ!"

"मग आपण पण चला ना," काकू म्हणाल्या. "मला रामेश्वर बघायचंय. तुमच्या पाहुण्यांच्या पायी माझी सारी उमर गेली."

काकांनी दुसऱ्याच दिवशी एका ओळीचा हिंदी अर्ज टाकला: 'राज़ीनामा पेश है.' घरी मराठी, दफ्तरात हिंदी. आम्हा ग्वाल्हेरकरांच्या डोक्यात दोन्हींची खिचडी. महिन्याने उत्तर आलं: 'आपका राज़ीनामा मिला. एक नवंबर को भोपाल में हाज़िर हों.' हिंदीत नोकरी सोडणं म्हणजे इस्तीफ़ा. राज़ीनामा म्हणजे संमती. काका यायला राजी आहेत, असं साहेबांनी वाचलं होतं.

काकू पोट धरून हसल्या. "दुसरा लिहा. साफ इस्तीफ़ा लिहा."

काका कोरा कागद घेऊन दोन दिवस बसून राहिले. मला त्यांचा राग आला. "लिहीत का नाही?" मी विचारलं.

"त्या अमेरिकेवाल्याला कुठेही लोक ओळखतात रे," ते म्हणाले. "दफ्तर सुटलं, तर मला कोण ओळखणार?"

काकूंनी हे ऐकलं. भांडल्या नाहीत. बहिणीला, इंदुताईंना, सोबत यायला बोलावलं आणि रामेश्वरची दोन, भोपाळचं एक अशी तिकिटं काढायला मला पाठवलं.

दक्षिणेची गाडी भोपाळवरूनच जाते, त्यामुळे तिघं एकाच डब्यात बसली. भोपाळला काका वळकटी घेऊन उतरले. काकूंनी खिडकीतून "येते हं" म्हटलं.

"गाडी हलली तेव्हा परत चढावंसं वाटलं रे," काका पुढे मला म्हणाले. "पण पायच नाही उठला."