अर्धवट बोगद्यातली मशाल

ती तक्रार आजही मला जशीच्या तशी आठवते. दोन हजार दहा साल उलटून काही वर्षं झाली होती. वसमत तालुक्यातल्या एका ठाण्यात मी सहायक निरीक्षक होते. एक इंटरनेट कॅफेचालक अर्ज घेऊन आला. ऑनलाइन खेळात खाण खोदून आपण रत्नं जमवली आणि कुरुंद्याच्या एका कॉलेजातल्या मुलीनं पासवर्ड चोरून ती लांबवली, असं त्याचं म्हणणं. हवालदारांनी अर्ज वाचून विचारलं, "मॅडम, पंचनाम्याला खाणीत उतरावं लागंल काय?"

मुलीला बोलावलं. सोबत वडील आले. मुलगी ठाम होती. "खातं माझं हाय. ह्यानंच पासवर्ड बदलला. जाब विचारला तर हाच आधी तुमच्याकडं आला."

वडिलांना खेळाशी देणंघेणं नव्हतं. "मॅडम, पोरीचं नाव ठाण्यात लागलं की गावात संपलं सगळं. उद्यापासून कॉम्प्युटरचा क्लास बंद, कॉलेज बी बंद."

गुन्हा दाखल झाला असता, तर मुलगी आरोपी झाली असती. मी आधी अर्जाची चौकशी करायचं ठरवलं. कॅफेशेजारच्या झेरॉक्सवाल्यानं हळूच खबर दिली, "तो दिवसभर पत्ते कुटतो. खाणीत ती पोरगीच असती." पण त्याचं आणि कॅफेचालकाचं दुकानापुढच्या जागेवरून वाजलेलं होतं. भांडखोर शेजाऱ्याच्या शब्दावर मी कधी केस उभी केली नाही.

दोघांना वेगवेगळं बसवलं. रत्नं काढता कशी, एवढंच विचारलं. कॅफेचालक म्हणाला, "खोदत राहायचं मॅडम. नशिबात असलं की सापडते."

मुलगी म्हणाली, "वरच्या थरात टाइम घालवायचा न्हाई. सरळ तळाला जायचं, तिथं एक आडवा बोगदा, मग त्याला फाटे. दोन फाट्यांत दगडाचे दोन ठोकळे सोडायचे. दोन्हीकडून भिंती दिसतात, मधले फोडायची गरज न्हाई. साधा दगड उचलायचा न्हाई, थैली उगं भरती."

उत्तर पक्कं होतं, पण आळशी माणसाचंही खातं असू शकतं. मग दोघांना एकच प्रश्न टाकला. खाणीत मशाली कुठं लावता?

"अंधार असतो तिथं. दिसायला नको का?" कॅफेचालक म्हणाला.

मुलगी म्हणाली, "उजेडासाठी न्हाई, मॅडम. फाटा अर्धा सोडून उठावं लागलं की टोकाला मशाल लावते. पुरा झाला की काढून घेते. हळद खुरपताना पात अर्धी सोडली की आमी गवताची जुडी ठेवतो ना, तसं."

मी स्वतः खुरपलेलं आहे. एका बाईनं धरलेली ओळ म्हणजे तिची पात. ती अर्धी राहिली, तर खूण ठेवल्याशिवाय कुणी जेवायला उठत नाही.

दोन पंच, मुलगी आणि तिचे वडील यांना घेऊन आम्ही कॅफेत गेलो. कॅफेचालकाला खातं उघडायला लावलं. पुरे खोदलेले फाटे काळेकुट्ट, एकाही ठिकाणी मशाल नाही. अर्धवट फाट्यांच्या टोकांवर मात्र मशाली जळत होत्या.

"सगळ्यात जास्त अंधार या पुऱ्या फाट्यांत आहे. इथं काहून नाही लावली?" मी विचारलं.

तो खुर्चीतून उठला. मुलीच्या मागं उभं राहून त्यानंच पासवर्ड पाहिला होता. खातं विकत घ्यायला बाहेरचा एक खेळाडू तयार होता. सगळं त्यानं पंचांसमोर सांगितलं.

मुलीनं तिथंच नवा पासवर्ड टाकला आणि अर्धवट फाट्यात कुदळ मारली. दोन-चार ठोकळे फुटले आणि लाल रत्न चमकलं. "निघालं, मॅडम, निघालं!" हवालदार ओरडले. इतका वेळ दारात पाठमोरे उभे असलेले वडील आत आले. पडद्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं.

"पुरी कर पात. मी बाहेर थांबतो. क्लासला उशीर करू नको."

मुलीचं नाव आरोपीच्या रकान्यात गेलं नाही. वरिष्ठांच्या परवानगीनं गुन्हा कॅफेचालकावर दाखल झाला.

त्यानंतर मालकीचा कुठलाही वाद आला, म्हैस असो की मोटार, मी वस्तू कुणाची हे शेवटी विचारायचे. आधी विचारायचे, रोज तिचं काय करता? खोटा माणूस मालकीची गोष्ट पाठ करून येतो. रोजच्या कामाची उत्तरं त्याला जागेवर बनवावी लागतात, आणि ती त्याला जमत नाहीत.