मामंजींचे विरोधक

कुणी आपल्याशी सहमत झालं की ज्याचा चेहरा पडायचा, असा माणूस मी जन्मात एकच पाहिला. ते माझ्या ताईचे सासरे. आमच्या माळव्यातल्या जुन्या घरांत सून सासऱ्यांना अजून मामंजी म्हणते. ताईचं ऐकून मीही म्हणू लागलो, आणि मला तो हक्क नाही हे सांगायला कुणाला सवड झाली नाही. मी धारहून देवासला गेलो आणि म्हणालो, "मामंजी, गारठा आहे आज," तर ते म्हणायचे, "गारठा कसला? हवा स्वच्छ आहे." मी माघार घेऊन हवा स्वच्छ असल्याचं कबूल केलं, की खट्टू होऊन पोह्यांवरची शेव वेचत बसायचे.

पोस्टातून निवृत्त झाल्यावर मराठी मंडळाच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट त्यांनी ताब्यात घेतलं होतं. त्यात पुस्तकं पुष्कळ होती, पण मामंजींचा जीव होता एकाच कादंबरीकाराच्या सहा कादंबऱ्यांत. त्याचं नाव मी घेत नाही, कारण नाव घेतलं की निम्मे वाचक हा लेख इथेच मिटून ठेवतील. त्याच्या एका कादंबरीत नायकाला आईच्या तेराव्याला, भरल्या पंगतीत हसू फुटतं आणि ते पुढची दोनशे पानं थांबत नाही. कुणी म्हणायचं, असा लेखक पुन्हा होणे नाही. कुणी म्हणायचं, नकोच व्हायला. देवीच्या टेकरीखालच्या एका घरात तर सोयरीक ठरत आली असताना मुलाच्या वडलांनी या लेखकाची स्तुती केली आणि मुलीकडचे चहा न घेता उठले, असं मामंजी अभिमानानं सांगत. ताई म्हणते, ते हुंड्यावरून उठले होते.

या सहा पुस्तकांचे पुठ्ठे मामंजींनी ताईच्या सासूबाईंच्या विटक्या, धारकडच्या बाग गावच्या छापाच्या साड्या फाडून, खळ लावून मढवले होते, आणि प्रत्येकाच्या शेवटी तीसेक कोरी पानं शिवली होती. पुस्तक परत करताना त्यांवर मत लिहायचं, हा नियम. तोंडी मत चालायचं नाही. "तोंडी मत माणूस समोरच्याचा चेहरा बघून देतो," असं त्यांचं म्हणणं. कुणा गुरुजींनी लिहिलं होतं, "घरात ठेवण्याजोगे पुस्तक नाही, म्हणून दोनदा वाचून परत करीत आहे." एका बाईंनी लिहिलं होतं, "अक्षर बारीक. माणसे त्याहून बारीक." आणि या सगळ्यांच्या वर, खाली, समासात, हिरव्या शाईत होते वकीलसाहेब.

वकीलसाहेब दोन गल्ल्या सोडून राहायचे आणि त्या लेखकाचा मनापासून द्वेष करायचे. द्वेष नीट करता यावा म्हणून त्यांनी सहाही कादंबऱ्या इतक्यांदा वाचल्या, की भक्तांनीही तेवढ्या वाचल्या नसतील. "पृष्ठ ९२ वर हसू लागलेला नायक पृष्ठ ११० वर अजून हसतोच आहे. डॉक्टरला दाखवा." त्याखाली मामंजींची निळी शाई: "डॉक्टर पृष्ठ १४० वर आहे. तिथवर धीर धरावा." पुन्हा हिरवी: "डॉक्टरही हसतो आहे. सगळेच कामातून गेले." वर्षानुवर्षं हे चाललं. दोघं रोज सकाळी बरोबर फिरायला जात, पण रस्त्यात पुस्तकाचं अक्षर काढत नसत. गुडघे, दूध, नातवंडं, बस. भांडण काय ते पानांवर.

मग वकीलसाहेब गेले, आणि मामंजींचं काय होऊन बसलं ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ते फिरायला जायचे, जेवायचे, पण पुस्तक परत आलं की आधी शेवटचं पान उघडायचे आणि मिटून टाकायचे. नव्या वाचकांना भांडणाची हौस नव्हती. वाचकच नव्हते म्हणा. मुलं हिंदी शाळांतून शिकलेली, त्यांना मराठी वाचायचं म्हणजे चढ चढल्यासारखं. एका इंजिनिअरनं पुस्तक दोन दिवसांत परत आणलं आणि लिहिलं, "नाइस." मामंजींनी त्याला विचारलं, "आवडलं का नाही? स्पष्ट बोलो."

"नहीं काका, बढ़िया है," तो म्हणाला. "आप बोल रहे हो तो बढ़िया ही होगा."

तो गेल्यावर मामंजी मला म्हणाले, "धारवाले, स्तुती करणारे मेले तरी चालतं. शिव्या देणारा गेला की पुस्तक संपतं." मला फार वाईट वाटलं. त्यांनी लपवून ठेवलेला एक कागद ताईनं मला दाखवला, त्यावर त्यांनी स्वतःच हिरव्या शाईनं लेखकाची निंदा लिहून पाहिली होती. दोन ओळी लिहून खोडल्या होत्या आणि खाली निळ्या शाईत शेरा होता: "जमत नाही. वकिलांचा विखार नाही."

मीही काही धुतल्या तांदळाचा नव्हतो. ते तेराव्याचं पुस्तक मी पूर्वी एकदा नेऊन न वाचताच "हृदयस्पर्शी" लिहून परत केलं होतं. "हृदयाला स्पर्श कुठं झाला? पान सांगा," असं मामंजींनी चौघांत विचारलं, तेव्हा मी पाणी प्यायला आत पळालो होतो.

माझी आई गेली त्या वर्षी मी ते पुस्तक पुन्हा मागून घेतलं. मी सरदारपूरच्या शाळेत गणित शिकवतो. धारहून अप-डाउन करताना बसमध्ये ओळीवर बोट ठेवून वाचायचो. शेजारच्यानं विचारलं, "भिया, कौन सी परीक्षा की तैयारी है?" चार महिने लागले. आणि पुस्तक संपलं तेव्हा मला संताप आला. माझ्या आईच्या तेराव्याला मला हसू आलं नव्हतं, घशाखाली घास उतरला नव्हता. हा कोण टिकोजीराव, पंगतीत हसणारा? मी शेवटच्या पानावर तसंच लिहिलं: "हा लेखक खोटं लिहितो. त्याची आई मेलेली नसावी." आणि हिरव्या शाईचं पेन धारला मिळालं, ते वापरलं.

मामंजी तेव्हा अंथरुणाला खिळले होते. पुस्तक मी दोन दिवस माहेरी आलेल्या ताईच्या हाती पाठवलं. तिचा फोन आला, "अरे, तू काय लिहिलंस? मामंजी उठून बसलेत. चष्मा मागतायत, पेन मागतायत. म्हणतात, विरोधक मिळाला."

पंधरा दिवसांनी ते गेले.

तेराव्याला मी देवासला गेलो. पानं वाढली होती, गुरुजी संकल्प सोडत होते, आणि ताईनं बाग छापाचं ते पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. "तुझ्यासाठी ठेवायला सांगितलं होतं." मी शेवटचं पान उघडलं. माझ्या हिरव्या ओळींखाली, थरथरत्या निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: "आपले मत वाचले. सपशेल चूक आहे. फार दिवसांनी बरे वाटले. सविस्तर खरडपट्टी तब्येत सुधारल्यावर काढीन. तोवर पळून जाऊ नये."

आणि भरल्या पंगतीत मला हसू फुटलं. मी आवरायचा प्रयत्न केला, पाणी प्यालो, ते नाकातून आलं. समोरचे आजोबा रागानं बघू लागले. ताईनं आधी चिमटा काढला, मग तीही पदर तोंडाशी धरून गदगदा हसू लागली. मामंजींची इतकी आठवण मला त्याआधी आणि त्यानंतरही कधी आली नाही.

लेखक खरा होता, मी चुकलो होतो. धारला परतल्यावर तसं लिहायला पेन उघडलं. पण मामंजींना कुणी हो म्हटलेलं कधी सोसलं नाही. म्हणून त्यांच्या ओळींखाली, हिरव्या शाईनं, मी एवढंच लिहिलं: "मत कायम. पळालेलो नाही. उत्तराची वाट पाहतो."